वाचकांचे प्रश्न : चेलो शिकताना, शिकवताना

या महिन्याचं सदर पूर्णपणे चेलोला दिलं आहे. व्हायोलिन नागपूरकरांच्या ओळखीचं. त्याच कुळातला, पण खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरायचा हा थोराड भाऊ अजून फार घरांत पोचलेला नाही. विचारायला जवळपास कुणी सापडत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, म्हणून उत्तरं देताना हात आखडता घेतलेला नाही. चार तारा, जाडीकडून बारीककडे : सी, जी, डी, ए. पुढे सगळीकडे हीच नावं येतील.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेच्या कार्यक्रमात चेलो पाहिला आणि तेव्हापासून तेच धरून बसली आहे. ऑनलाइन मागवायचा विचार आहे. पूर्ण मापाचा घेतला तर मोठेपणीही चालेल ना?
– एक पालक, धरमपेठ

उत्तर : वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवता येतो, वाढत्या अंगाचा चेलो घेता येत नाही. पूर्ण मापाच्या चेलोचं नुसतं धड, म्हणजे मान सोडून, ७५-७६ सेंटिमीटर असतं. पाऊण माप साधारण ६९, अर्धं ६५ आणि पाव ५८ च्या आसपास. कारखान्यागणिक थोडा फरक पडतो. नऊ वर्षांच्या मुलीला बहुधा अर्धा लागतो, चण लहान असेल तर पाव. पण वयावरून ठरवू नका, हातावरून ठरवा.

तिला हात नसलेल्या खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसवा. पावलं जमिनीवर सपाट, मांड्या जमिनीला समांतर. खालचा लोखंडी दांडा, म्हणजे एंडपिन, बाहेर काढून चेलो टेकवल्यावर त्याच्या धडाची वरची कड छातीच्या मधल्या हाडावर यावी आणि सी तारेची खुंटी डाव्या कानामागे राहावी. आता डी तारेवर पहिलं बोट ई स्वरावर आणि करंगळी जी स्वरावर ठेवायला सांगा. बोटांची कमान न मोडता दोन्ही जागा सापडल्या तर माप बरोबर. करंगळी ताणून सरळ काठीसारखी झाली तर एक माप खाली या. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर नेहमी लहान घ्या. मोठ्या चेलोवर मूल मनगट मोडून जागा गाठतं, आणि तो मोडलेला हात पुढे पूर्ण मापाच्या चेलोवरही तसाच राहतो. गजही त्याच मापाचा हवा.

खोकं आलं की लगेच तारा पिळू नका. स्वस्त चेलोत घोडी, म्हणजे ब्रिज, वेगळी गुंडाळून येते, आणि आतली उभी लाकडी कांडी, म्हणजे साउंडपोस्ट, वाटेत पडलेली असू शकते. इंग्रजी एफच्या आकाराच्या छिद्रातून मोबाइलच्या टॉर्चने बघा. ए तारेच्या बाजूला घोडीचा जो पाय येतो, त्याच्या किंचित खाली ही कांडी सरळ उभी दिसली पाहिजे. आडवी पडली असेल तर तारा ताणल्यावर वरची फळी त्या जागी दबते, कधी तडकतेही. कांडी उभी करणं आणि घोडीचे पाय फळीच्या गोलाईला बसतील असे तासणं हे जाणत्याचं काम आहे. वाद्याच्या किमतीत या कामाचा खर्च धरूनच हिशेब करा. पूर्ण मापावर, बोटांची काळी पट्टी जिथे संपते तिथे, ए तार पट्टीपासून साधारण साडेपाच मिलिमीटर आणि सी तार आठ मिलिमीटर उंच असावी. लहान मापात याहून कमी. न तासलेल्या घोडीवर हीच उंची दहा-बारा होते आणि मूल आठवड्यात म्हणतं, बोटं दुखतात, मला नको.

आणखी एक. आपल्याकडे फरशी गुळगुळीत, त्यामुळे एंडपिन सटकतो आणि मूल चेलो गुडघ्यांनी आवळून धरतं. एका जुन्या कमरपट्ट्याचा फास खुर्चीच्या पुढच्या पायाला अडकवा आणि दुसऱ्या टोकाच्या बकलात एंडपिनचं टोक बसवा. काम झालं.

प्रश्न : मे महिन्यात खुंट्या आपोआप सुटतात. परवा रात्री टण्णकन आवाज झाला, सकाळी पाहिलं तर खालच्या कडेला केस जाईल एवढी फट. ओळखीचा सुतार फेविकॉल भरून देतो म्हणतो. भरू का?
– वाचक, प्रतापनगर

उत्तर : नका भरू. हे उत्तर आधी, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं, हे होत नाही.

चेलोची वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा मेपलच्या, आणि सगळं जोडलेलं असतं सरसाने. सरस मुद्दाम कच्चा ठेवतात. लाकूड आकसलं की ताण कुठेतरी निघायला हवा, तो सरसाच्या जोडातून निघतो. जोड उघडला म्हणजे फळी वाचली. तिथे फेविकॉल भरला की पुढच्या उन्हाळ्यात जोड उघडणार नाही, फळी चिरेल. शिवाय फेविकॉल लाकडात मुरतो, मग त्यावर सरस धरत नाही. फट तशीच ठेवा, तारा दोन-तीन सूर उतरवा आणि व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडून गरम सरसाने, शिकंजे लावून बसवून घ्या. फट ताजी आणि स्वच्छ असेल तर हे छोटं काम आहे.

आता कारण. या वाद्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ती २० च्या खाली जाते. दिवसभर वाळ्याचा कूलर चालू असला की खोलीत तीच ५०-६० वर येते. रात्री कूलर बंद करून एसी लावला की पुन्हा धाडकन खाली. लाकडाला कोरडेपणापेक्षा ही चढ-उतार जास्त जाचते. आवाज रात्री झाला तो यामुळेच. म्हणून चेलो एसीच्या खोलीत ठेवायचा तर चोवीस तास पेटीत ठेवा, आणि पेटीत ओलावा देणारी नळी किंवा छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवा. पाणी पिळून काढलेलं हवं. स्पंज लाकडाला टेकता कामा नये. सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवला की अंदाजाने वागावं लागत नाही. कूलरच्या झोतात वाद्य कधीच नको. झोतापासून दोन-तीन मीटर बाजूला बसा.

खुंट्या सुटतात कारण खुंटी आणि तिचं भोक दोन्ही आकसतात, पण सारखे नाहीत. फिरवताना खुंटी आत दाबत फिरवा. तरी सुटली तर ती पूर्ण काढा, चमकलेल्या दोन पट्ट्यांवर कोरडा खडू हलका घासा आणि परत बसवा. पावसाळ्यात नेमकं उलटं, खुंटी जाम होते. तेव्हा तिथेच कोरडा साबण. हातोडी, पकड, तेल यांपैकी काहीही नाही. तारा बदलायच्या तर एकेक करून. चारही एकदम काढल्या की साउंडपोस्ट पडू शकतो.

सूर लावताना दरवेळी घोडी बघायची सवय लावा. तार खुंटीकडे ओढली जाते तशी घोडीचा माथा पट्टीकडे झुकतो. दोन्ही हातांच्या चिमटीत माथा धरून अगदी हळू मागे घ्या, जोवर शेपटीकडची, म्हणजे तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडची, बाजू फळीशी काटकोनात दिसत नाही. झुकलेली घोडी उन्हाळ्यात महिन्याभरात वाकते आणि मग ती सरळ होत नाही.

गजाचे केस कोरड्या हवेत आखडतात. वाजवून झाल्यावर सैल केले नाहीत तर रात्रीतून गजाचं टोक मोडू शकतं. पावसाळ्यात केस लांबतात, तेव्हा स्क्रू नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागतो, तो दोष नाही. गज महिनोन्‌महिने बंद पेटीत राहिला तर केसांना कसर लागते. आठवड्यातून एकदा पेटी उघडून उजेड दाखवा. रोझिन, म्हणजे गजाच्या केसांना लावायची राळ, उन्हाळ्यात फिकट आणि कडक प्रकारचं वापरा. मऊ काळं रोझिन आपल्याकडच्या मे महिन्यात चिकट होऊन बसतं. आणि नवतपात बंद गाडीत चेलो पाच मिनिटांसाठीही सोडू नका. सरस उष्णतेने मऊ होतो, मान मागे-पुढे होते, पेटीच्या मखमलीचा ठसा पॉलिशवर उमटतो.

प्रश्न : मी वीस वर्षांपासून व्हायोलिन शिकवतो. दोन पालक चेलोसाठी मागे लागले आहेत. चाव्या आणि सूर मला कळतात. शिकवावं का? काय चुकेल?
– एक संगीतशिक्षक, महाल

उत्तर : शिकवा, पण आधी स्वतः सहा महिने चेलो घेऊन बसा. व्हायोलिनच्या हाताला तीन गोष्टी उलट्या कराव्या लागतात, आणि त्या न कळता शिकवलेलं मूल दोन वर्षांनी ओळखू येतं.

पहिली गोष्ट डाव्या हाताची. व्हायोलिनवर लागोपाठच्या दोन बोटांत सहसा पूर्ण स्वराचं अंतर घेता येतं. चेलोवर दोन बोटांत अर्धाच स्वर. हिशेब करून बघा. पूर्ण मापाच्या चेलोची बोलती तार, म्हणजे घोडीपासून वरच्या टोकापर्यंतची, सुमारे ६९ सेंटिमीटर. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात मानेच्या वरच्या टोकाजवळ असताना, पहिलं बोट वरच्या टोकापासून साडेसात सेंटिमीटरवर, दुसरं अकरावर, तिसरं सव्वाचौदावर, करंगळी सव्वासतरावर. म्हणजे पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत जवळपास दहा सेंटिमीटर, आणि त्यात मिळतात जेमतेम दीड स्वर. व्हायोलिनवर सव्वासात सेंटिमीटरमध्ये अडीच स्वर मिळतात. व्हायोलिनवाला चेलोवर बोटं तिरकी ठेवतो आणि मग दुसरं बोट कायम उतरलेलं वाजतं. चेलोवर हात तारेला चौकोनी हवा, अंगठा दुसऱ्या बोटाच्या मागे, मोकळा. पूर्ण स्वर हवा तेव्हा पहिलं बोट एकटं मागे सरकतं, बाकीची तीन आणि अंगठा जागेवर राहतात. याला एक्स्टेन्शन म्हणतात. पहिलं वर्ष संपेपर्यंत ते मुलांना देऊ नका, विशेषतः हात लहान असेल तर.

दुसरी गोष्ट गजाच्या हाताची. व्हायोलिनवर खालच्या सुरांच्या तारेकडे जाताना कोपर वर उचलतो. चेलोवर सी तारेकडे जाताना हात मागे, अंगाकडे येतो आणि ए तारेकडे जाताना पुढे जातो. तुमचा हात वीस वर्षांच्या सवयीने उलट वागेल आणि गज मधल्या दोन तारांना घासत जाईल. रोज पाच मिनिटं, आवाज न करता, गज एकेका तारेवर नुसता टेकवून उचलायचा सराव करा.

तिसरी, वजन. चेलोचा गज साधारण ८० ग्रॅमचा, व्हायोलिनचा ६०. जाड तार उशिरा बोलते. गज हळू, घोडीच्या थोडा जवळ, आणि खांद्यापासून लोंबणाऱ्या हाताचं वजन तारेवर सोडलेलं. बोटांनी दाबून आवाज काढला की तो घशात अडकल्यासारखा येतो. पूर्वी युरोपात चेलो शिकणाऱ्याच्या उजव्या काखेत पुस्तक धरायला लावत, कोपर अंगाला चिकटलेलं राहावं म्हणून. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी तो हात मोकळा केला आणि डाव्या हातालाही एक्स्टेन्शनची मोकळीक दिली. आज जगभर चेलो ज्या रीतीने शिकवतात तिची बरीच मुळं तिथे आहेत. कासाल्स १८७६ साली कातालोनियातल्या वेंद्रेल गावी जन्मले. बाख या जर्मन संगीतकाराच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा सुइट्सची, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकांची, प्रत त्यांना १८९० मध्ये बार्सिलोनाच्या एका दुकानात सापडली, वय तेरा. तोवर त्या नुसत्या सरावाच्या चिजा मानल्या जात. त्यांनी त्या मैफलीत आणल्या आणि १९३६ ते १९३९ मध्ये सगळ्या ध्वनिमुद्रित केल्या. तुमच्या विद्यार्थ्यांना त्या ऐकवा.

नोटेशनमध्ये बास क्लेफ, म्हणजे ओळींवर कोणता सूर कुठे ते सांगणारी खालच्या सुरांची खूण, आधी स्वतः पक्का करा. वरच्या सुरांत गेल्यावर टेनर आणि ट्रेबल क्लेफही येतात. पहिल्या वर्षासाठी सुझुकी पद्धतीचा चेलोचा पहिला भाग आणि जोडीला सोपी ड्युएट्स पुरतात. खालची ओळ तुम्ही वाजवा. मूल सुरात राहायला शिकतं ते त्या खालच्या ओळीमुळे.

प्रश्न : ए तारेवर सगळं स्वच्छ येतं, पण जी तारेवर वरचा एफ लावला की चेलो थरथरतो आणि घोगरा घुर्र आवाज येतो. चेलो खराब आहे का?
– विद्यार्थी, मनीषनगर

उत्तर : खराब नाही, बहुतेक चेलोंत हे असतं. याला वुल्फ टोन म्हणतात. वाद्याच्या पोकळ धडाचा स्वतःचा एक सूर असतो, बहुधा एफ किंवा एफ शार्पच्या आसपास. तुम्ही तोच सूर तारेवर लावलात की धड तारेची ऊर्जा खेचून घेतं, परत देतं, पुन्हा खेचतं, तीच ती थरथर. घोडीच्या मागे, शेपटीकडच्या तारेच्या तुकड्यावर छोटी पितळी नळी बसवतात. जी किंवा सी तारेवर बसवून मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत जा, एका जागी थरथर जवळजवळ जाते. वाजवताना त्या सुरावर गुडघ्याने चेलोची कड हलकेच दाबली तरी वेळ निभावते.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. सहाव्या ग्रेडपर्यंत पोचले. मला चेलोवादकच व्हायचं आहे. घरी म्हणतात, शेवटी शिकवणीच घेत बसशील. खरंच तसं होतं का? पुढची तयारी कशी करू?
– विद्यार्थिनी, सदर

उत्तर : घरचे बरोबर बोलतात. फक्त ‘शेवटी’ हा शब्द चुकीचा आहे. चेलोवादकाच्या आयुष्यात शिकवणं शेवटी येत नाही, सुरुवातीपासून असतं.

चेलोवादक यानोश स्टार्करचं उदाहरण घे. जन्म बुडापेस्टचा, ५ जुलै १९२४. सहाव्या वर्षी चेलो हातात, आणि आठव्या वर्षी त्याच्याकडे पहिला शिष्य. त्याचे गुरू आडोल्फ शिफर, त्यांचे गुरू डेव्हिड पॉपर, ज्यांचे चाळीस एट्यूड, म्हणजे सरावाच्या रचना, आजही प्रत्येक चेलोवादक घासतो. ज्यू असल्यामुळे महायुद्धात स्टार्करला छावणी भोगावी लागली, त्याचे दोन्ही भाऊ मारले गेले. युद्ध संपल्यावर बुडापेस्टच्या ऑपेरात मुख्य चेलोवादक, १९४६ मध्ये देश सोडला. कोडाय या हंगेरियन संगीतकाराच्या एकल चेलो-सोनाटाच्या ध्वनिमुद्रणाला १९४८ मध्ये फ्रान्सचा मोठा पुरस्कार, त्याच वर्षी अमेरिका. डॅलस, मग न्यूयॉर्कचा मेट्रोपॉलिटन ऑपेरा, १९५३ पासून शिकागो सिम्फनी. म्हणजे जगातला पहिल्या रांगेतला वादक तेव्हा दहा-बारा वर्षं ऑर्केस्ट्राची नोकरी करत होता. १९५८ मध्ये इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेला आणि २०१३ साली वारला तोवर ब्लूमिंग्टन हेच त्याचं गाव राहिलं. तिथूनच त्याने जगभर मैफली केल्या. बाखच्या सुइट्सना ग्रॅमी मिळालं तेव्हा तो सत्तरीत होता. शिकवण्याने त्याचं वाजवणं कमी झालं नाही. दुसऱ्याच्या हातातली अडचण शब्दांत सांगावी लागते तेव्हा स्वतःच्या हाताला ती कळते.

दुसरं नाव चेलोवादक विल्यम प्लीथ. लंडनचे. त्यांचं नाव जगाने जास्त ऐकलं ते शिष्येमुळे. जॅकलिन द्यु प्रे दहा वर्षांची असताना, १९५५ मध्ये, त्यांच्याकडे आली. सोळाव्या वर्षी तिची लंडनच्या विगमोर हॉलला पहिली मोठी मैफल झाली, विसाव्या वर्षी तिने एल्गारचा कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबतची एकल चेलोची रचना, ध्वनिमुद्रित केला. १९७३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी मंच सुटला. त्यानंतर हातात गज धरता येत नसताना ती शिकवत राहिली. १९८७ मध्ये गेली. घरी हे वाचून दाखव.

आता पोटापाण्याचं. भारतात चेलोवादकाची कमाई चार-पाच धाग्यांची असते : खासगी विद्यार्थी, शाळेतली नोकरी, मुंबई-चेन्नईच्या स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण, छोट्या गटांचे कार्यक्रम, आणि ऑर्केस्ट्रा. व्यावसायिक ऑर्केस्ट्रा म्हणजे मुंबईत एनसीपीएची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ पासून. तिथेही परदेशी पाहुणे वादक बरेच असतात. एका धाग्यावर घर चालेल असं धरू नकोस, पण पाच धागे मिळून चालतं.

तयारी. ग्रेड परीक्षा घेणाऱ्या दोन ब्रिटिश संस्थांपैकी एबीआरएसएमच्या प्रॅक्टिकल परीक्षेत सहावीपासून पुढे पाचव्या ग्रेडची थिअरी आवश्यक असते, ट्रिनिटीत तशी अट नाही. परदेशात पदवीला जायचं तर आठव्या ग्रेडच्या वरचा हात लागतो, तुला त्यासाठी दोन वर्षं धर. ऑडिशनला साधारणपणे मागतात : बाखच्या एका सुइटमधल्या दोन वेगळ्या स्वभावाच्या मूव्हमेंट्स, म्हणजे रचनेचे भाग, एक एट्यूड, एका कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट, आणि स्केल्स. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटरींचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, म्हणजे प्रवेशाच्या जवळजवळ वर्षभर आधी. बरीच मुलं इथेच चुकतात. जर्मनीत बऱ्याच राज्यांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १५०० युरो घेतं, आणि जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी लागते. भारतात राहायचं तर चेन्नईची केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे.

रोज चार तास, पण ४५ मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये उठून. पहिला तुकडा स्केल्सचा, मेट्रोनोम ६० वर, एका गजात आधी एक सूर, मग दोन, मग चार. दुसरा एट्यूडचा : डोट्झाउअरचे झाले की ड्युपोर्टचे, मगच पॉपरचे. उलटा क्रम लावलास तर पॉपर नुसता पाठ होईल, हात तयार होणार नाही. तिसरा बाख, चौथा कॉन्चेर्टो. एल्गार आणि द्वोर्झाक आत्ता नकोत. ते वाजवताना हात जो ताण उचलतो तो उतरवायला वर्ष लागतं. गोल्टरमानचा चौथा, मग सें-सान्सचा पहिला, मग हायडनचा सी मेजर, हा रस्ता बरा. हायडनचा हा कॉन्चेर्टो दोनशे वर्षं हरवला होता, १९६१ मध्ये प्रागला सापडला. साधा दिसतो, पण वरच्या पोझिशनमध्ये एक सूर जरी उतरला तरी लपत नाही, म्हणून परीक्षकांना प्रिय. बाखच्या सुइट्सची त्याच्या हातची मूळ प्रत उरलेली नाही. त्याची पत्नी आना माग्डालेना हिने केलेली नक्कल आहे आणि तिच्यातल्या गजाच्या खुणा अस्पष्ट आहेत. म्हणून छापील पुस्तकातला गज अंतिम समजू नकोस, गुरूंशी बसून ठरव आणि ठरवलेला लिहून ठेव.

आणि एक लहान मूल आजपासून शिकवायला घे. आठवड्यातून अर्धा तास. त्याचं काय चुकलं, तू काय सांगितलंस, पुढच्या आठवड्यात काय झालं, एवढं वहीत लिही.

प्रश्न : चेलोवर राग वाजतात का? मला यमन वाजवून पाहायचा आहे.
– वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : वाजतात, आणि पट्टीवर पडदे नसल्यामुळे मींड सुरेख येते. नॅन्सी लेश यांनी उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकून चेलोवर धृपद आणलं. सास्किया राव-दे हास जमिनीवर बसून, तरफेच्या तारा बसवलेल्या खास चेलोवर ख्यालाच्या अंगाने वाजवतात. तुम्ही नेहमीच्याच चेलोवर सुरू करा : सी आणि जी तशाच ठेवा, डी एक स्वर उतरवून सी करा, ए उतरवून जी. पांढरी एकला सा-प-सा-प मिळालं. तारा नेहमी उतरवून मिळवा, चढवू नका, घोडीवर ताण येतो. मींड एकाच बोटाने, अंगठा सोडून, गजाचा वेग न बदलता. वाजवून झालं की मूळ सूर परत लावा. शिकणाऱ्या मुलाने मात्र पहिली दोन वर्षं हे करू नये, बोटांच्या जागा पक्क्या व्हायच्या असतात.

प्रश्न : पन्नाशीत चेलो सुरू केला. दीड महिन्यात डाव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. वय झालं म्हणून सोडू का?
– वाचक, सीताबर्डी

उत्तर : सोडू नका, पकड सोडा. अंगठा मागून आणि बोटं पुढून, अशी सांडशी करून तुम्ही मान दाबता आहात. अंगठा पूर्ण काढून घ्या आणि चारही बोटं तारेवर ठेवून हात कोपरापासून लोंबू द्या. चेलो छातीवर टेकलेला असल्याने तो पडत नाही. असं एक साधं गाणं वाजवता आलं की अंगठा परत आणा, पण एवढाच की त्याच्या आणि मानेच्या मधून कागद सरकेल. मग तारांची उंची तपासून घ्या. वरच्या टोकाला, नटजवळ, तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं. दोन-तीन कार्डं जात असतील तर दोष अंगठ्याचा नाही. खुर्ची गुडघ्याहून खाली नको. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर कोपराजवळची नस दबते आहे, वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, तेल चोळत बसू नका.

प्रश्न : पोरगा ऑनलाइन शिकून राहिला आहे, दोन महिन्यांतून एकदा मुंबईला सरांकडे नेतो. एवढ्याने भागेल का? आणि रेल्वेत चेलो न्यायचा कसा?
– एक पालक, जरीपटका

उत्तर : भागेल, जर कॅमेरा योग्य जागी असेल. बहुतेक घरांत मोबाइल समोर चेहऱ्याच्या उंचीवर ठेवतात, त्यात सरांना फक्त मुलाचा चेहरा आणि चेलोचं पोट दिसतं. मोबाइल मुलाच्या उजवीकडे थोडा पुढे, घोडीच्या उंचीवर, आडवा ठेवा. गजाचं टोक, कोपर आणि तारेवर गज जिथे टेकतो ती जागा, तिन्ही एकाच चौकटीत आली पाहिजेत. डाव्या हातासाठी दुसरा छोटा व्हिडिओ, डावीकडून, तासाच्या आदल्या दिवशी पाठवा. अॅपमधला आवाज दाबणारा पर्याय बंद करा, तो चेलोच्या खालच्या सुरांना पंख्याचा आवाज समजून कापतो. मुंबईच्या तासाला नवीन चीज मागू नका. सरांनी त्याच्या हाताला हात लावून जे बदलायचं ते तिथेच होतं, नवीन चीज ऑनलाइनही चालते.

प्रवासाला कडक पेटी हवी. ती साधारण १३० सेंटिमीटर लांब असते, खालच्या बर्थखाली जाईलच असं धरू नका. फर्स्ट एसीच्या केबिनमध्ये जागेचा प्रश्न सोपा होतो. विदर्भ किंवा दुरांतोच्या थ्री-एसीत वरचा बर्थ पेटीला देऊन एकाने खाली बसून जायची तयारी ठेवा. पेटी आडवी ठेवायची ती कुशीवर, घोडीवर भार येता कामा नये. लगेज व्हॅनमध्ये देऊ नका. निघण्यापूर्वी चारही तारा अर्धा सूर उतरवा, त्याहून जास्त नाही. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाच्या घड्या आणि शेपटीच्या पट्टीखाली एक घडी द्या, म्हणजे धक्क्याने घोडी पडलीच तरी पट्टी फळीवर आदळणार नाही. गज सैल. जास्तीची ए तार खिशात, पेटीत नाही.

एसीच्या डब्यातून मुंबईच्या दमट हवेत उतरल्यावर पेटी लगेच उघडू नका. तासाच्या दीड तास आधी पोचा. अर्धा तास पेटी बंद, अर्धा तास तारा लावून त्यांना उतरू-चढू द्यायला, आणि उरलेला अर्धा तास पोराने खालच्या सी तारेवर नुसते लांब गज ओढत बसायचं.